मूत्र कोशिकापरीक्षा
मूत्रमार्गाच्या अस्तरापासून सुटून मूत्राबरोबर बाहेर पडणाऱ्या कोशिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कर्करोग ओळखण्याची पद्धत. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या निदानात तिचा विशेष उपयोग होतो.

प्राग येथील व्हिलेम लांब्ल यांनी १८५६ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या मूत्रातील कोशिकांचे वर्णन केले. पुढे १८९५ मध्ये फ्रँकफुर्ट येथील शस्त्रक्रियातज्ञ लूटव्हिख रेन यांनी फुक्सीन रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाची अर्बुदे आढळल्याचे दाखविले. त्यामुळे हा रोग व्यवसायाशी निगडित असू शकतो, ही कल्पना पुढे आली. विल्हेल्म ह्यूपर यांनी १९३८ मध्ये २-नॅप्थिलअमाइनामुळे कुत्र्यांत अशी अर्बुदे निर्माण होतात, हे सिद्ध केले. जॉर्ज पापानिकोलाऊ व व्हिक्टर मार्शल यांनी १९४५ मध्ये मूत्राच्या साक्याच्या परीक्षेला निदानपद्धतीचे स्वरूप दिले. रॉबर्ट केस यांच्या १९५४ मधील पाहणीने ब्रिटनमधील रंगोद्योगातील धोका स्पष्ट झाला आणि तेथील कामगारांच्या नियमित तपासणीत या परीक्षेचा वापर होऊ लागला.

मूत्राचे अपकेंद्रण करून मिळालेला साका काचपट्टीवर पसरतात व रंगवितात. कोशिकेचे मोठे, गडद व अनियमित केंद्रक रोगसूचक असते. रात्रभर साठलेल्या मूत्रात कोशिका विघटित होतात; म्हणून सकाळचे पहिले मूत्र टाळतात. तीव्र स्वरूपाचा कर्करोग या परीक्षेत बहुधा ओळखता येतो. सौम्य अर्बुदे मात्र पुष्कळदा निसटतात. त्यामुळे दोष न आढळणे म्हणजे रोग नसणे नव्हे. मूत्रातून रक्त जात असल्यास दुर्बिणीने मूत्राशय पाहणे आवश्यक ठरते. लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य लोकांची सरसकट चाळणी हितावह असल्याचा पुरेसा पुरावा नाही. धोक्याच्या व्यवसायातील व्यक्ती व उपचार झालेले रुग्ण यांच्या बाबतीत ही परीक्षा अधिक उपयुक्त आहे. तंबाखूचे धूम्रपान हेही या रोगाचे प्रमुख कारण आहे.

पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे रासायनिक कारखान्यांचे, तर शिरूर तालुक्यात रांजणगाव येथे मोठे औद्योगिक क्षेत्र आहे. प्रत्येक रसायन हा रोग निर्माण करीत नाही. म्हणून कामगाराचा संपर्क नेमक्या कोणत्या द्रव्याशी आला, याची नोंद महत्त्वाची ठरते. शिरूर वा दौंड येथे घेतलेला नमुना अल्कोहॉल मिसळून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठविता येतो. त्यासाठी रुग्णाने प्रवास करण्याची गरज नसते. अडचण कालावधीची आहे. संपर्कानंतर रोग प्रकट होण्यास अनेकदा १५ ते २० वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तोपर्यंत कामगार कारखाना सोडून गावी परतलेला असतो. फॅक्टरी अधिनियमातील १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांतील कामगारांची, काम सोडल्यानंतरही, १२ महिन्यांच्या आत पुन्हापुन्हा वैद्यकीय तपासणी करण्याचे बंधन घातले होते, ते याच स्वरूपाच्या धोक्याला अनुसरून होते. कारखान्यातील नोंद गावच्या डॉक्टरापर्यंत पोहोचली, तरच ही साधी परीक्षा वेळेवर होऊ शकते.