मॅगझिन बदलायला वेळ नव्हता

माणगावच्या तहसील कचेरीपाशी उभे राहा. जुलै आहे, छत्री असू द्या. समोर यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. याच तालुक्यातल्या पळसगावचा मुलगा. त्याच्याकडे बघता बघता पाऊस ओसरू द्या, पायाखालचा चिखल वाळून त्याची धूळ होऊ द्या.

१० जुलै १९४४. तुम्ही इटलीत आहात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. टेकड्यांच्या उतारावर ऑलिव्हची झाडं. पळसगावाकडं हे भातलावणीचे दिवस, माणसं गुडघाभर पाण्यात वाकलेली. इथं मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका कंपनीची माणसं जर्मन मोर्च्यावर चालून निघाली आहेत. एका सेक्शनच्या पुढं नाईक यशवंत. वय २२.

मशीनगन अगदी जवळून सुटते. तुम्ही आडवे पडता. डोकं वर काढून बघता, तर सेक्शनमधला एकही माणूस उभा नाही. काही गेले, काही कण्हताहेत. ज्यांना यशवंत नावानं हाका मारायचा, ती ही माणसं. तो एकटाच उरला आहे, आणि मागून कुणी येणार नाही हे त्याला ठाऊक आहे.

तो धावतो.

आधी हातबॉम्ब. मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प. मग टॉमी गन. आणखी एक पडतो. दोघं उरलेत आणि मॅगझिन रिकामं झालंय. तो बंदूक उलटी करतो, नळी हातात धरतो आणि दस्त्यानं त्या दोघांना मारतो.

इथं नजर वळवू नका. लष्करी नोंदीत स्पष्ट लिहिलं आहे की मॅगझिन बदलायला त्याला वेळ नव्हता. ते वाचलं की माझा प्रत्येक वेळी श्वास अडकतो. पदकावर कोरता येत नाही ते सगळं त्या दोन-चार सेकंदांत आहे: तापलेली नळी, समोरचे दोन चेहरे. तेही कुणाचे तरी मुलगेच. आणि हे सगळं पारतंत्र्यातल्या देशाचा शिपाई दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी करतो आहे. मला दोन्ही सारखंच वाटतं, अभिमानही आणि कळवळाही.

दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत शिरतात. एकट्यानं जिंकलेल्या त्याच मोर्च्यात तो मरतो.

त्याच्या जवळ बसा थोडं. त्या दिवशी तिथं बसायला कुणी उरलं नव्हतं.

पुढचं सारं भराभर होतं. व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर होतो, १९४५ साली व्हाइसरॉय वेव्हेल ते पदक त्याच्या पत्नीच्या हाती देतात. त्याची कबर मात्र नाही. नाव आहे, इटलीतल्याच कसिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा चार हजारांहून अधिक नावांमध्ये. आणि २०२३ साली त्याच खोऱ्यातल्या मोंटोन गावानं त्याच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं आहे.

आता छत्री उघडा. माणगावात पुन्हा पाऊस लागला आहे. मोंटोनला अजून ऊन असेल, आणि त्या घड्याळावरची सावली पुढं सरकत असेल.