पुसलेल्या नावाची सावली

अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. ज्यांच्या नावावरून हा बदल झाला, त्या अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाला. तेव्हा जामखेडच्या शाळांना हा विषय घरचाच. कागदावरचे नाव शिक्का बदलला की बदलते. पाटीवरच्या नावाला रंगाचा एक हात पुरतो. कापडावर शिवलेल्या नावाचे मात्र तसे नाही. कबड्डीच्या संघात सात खेळाडू आणि पाच राखीव, म्हणजे बारा जर्सी लागतात, आणि कितीतरी शाळांना असा एक संच अनेक वर्षे पुरवावा लागतो. त्यावर जिल्ह्याचे जुने नाव शिवलेले असेल, तर ते उसवून जर्सी पुन्हा वापरता येईल का?

येईल. पण अक्षरे काढली, जर्सी दोनतीनदा धुतली, तरी पाठीवर जुने नाव वाचता येते. ही सावली येते कोठून आणि ती जात का नाही, हे समजण्यासाठी दोरा, रंग आणि साबण या तीन वस्तूंच्या इतिहासात थोडे शिरावे लागेल.

कापडावर खूण घालण्याची आपल्याकडची जुनी रीत नेमक्या उलट हेतूची होती. खूण निघूच नये, असा तो हेतू. परीट दहा घरांचे कपडे एकाच भट्टीला लावी. कोणता कपडा कोणाचा हे कळावे म्हणून तो कापडाच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण करी. या रसातील फिनॉल वर्गाची द्रव्ये हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून काळी पडतात, आणि त्यांचे मोठे झालेले रेणू तंतूंत अडकून बसतात. जोडीला चुना असला की हे आणखी लवकर घडते. इंग्रजांनी या झाडाला जे नाव दिले त्याचा अर्थच ‘खुणेच्या बीचे झाड’ असा आहे. बिब्बा उततो हे आपल्याला ठाऊक असते, परक्यांना नसते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर, धुऊन आलेल्या कपड्यावरची खूण जेथे टेके नेमके तेथेच, पुरळ उठू लागले. डॉक्टरांनी १९४३ साली त्यावर लेख लिहिला, तेव्हा कारण निघाले परटाची खूण!

खेळाडूच्या पाठीवरचे अक्षर मानाने अलीकडचे आहे. इंग्लंडमधील लीग फुटबॉलच्या सामन्यांत २५ ऑगस्ट १९२८ रोजी पाठीवर क्रमांक लावून खेळाडू उतरले, ते प्रयोग म्हणून. लीगच्या चालकांना ती कल्पना मानवली नाही. १९३३ च्या एफ. ए. करंडकाच्या अंतिम सामन्यात एका संघाला १ ते ११ आणि दुसऱ्याला १२ ते २२ असे क्रमांक दिले गेले, आणि १९३९ मध्ये लीगने ते सक्तीचे केले. क्रिकेटच्या विश्वचषकात पाठीवर नावे आली १९९२ साली, क्रमांक १९९९ साली. कसोटीतल्या पांढऱ्या कपड्यांवर ती दोन्ही यायला २०१९ साल उजाडावे लागले. खेळाडू बदलतो, कपडा तोच राहतो. म्हणून परटाला जे नको होते तेच येथे हवे झाले: खेळताना सुटणार नाही, पण काढायचे म्हटले तर निघेल असे अक्षर. ते काम दोऱ्याने केले.

दोऱ्याच्या टाक्याचे दोन प्रकार आपल्या विद्यार्थ्यांना दाखवता येतात. युरियाच्या गोणीचे तोंड उघडताना आपण काय करतो? योग्य टोकाचा दोरा ओढला की सरसर सगळी शिवण सुटते. चुकीच्या टोकाने ओढला तर गाठ आवळते आणि शेवटी कोयता घ्यावा लागतो. हा साखळी टाका. यात प्रत्येक फास पुढच्या फासाने धरलेला असतो. शेवटच्या फासाला धरणारे कोणी नसते. म्हणून शिवण जेथे संपली त्या टोकाकडून ती उलगडते, आणि सुरुवातीच्या टोकाकडून उलगडत नाही. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० साली ज्या यंत्राचे एकस्व घेतले ते हाच टाका घालत असे. पॅरिसमध्ये अशी सुमारे ऐंशी यंत्रे सैन्याचे गणवेश शिवू लागली, तेव्हा पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांनीच १८३१ साली त्या कारखान्यावर चाल करून यंत्रे मोडली. त्या शिंप्यांना अडाणी म्हणणे आम्हांला पटत नाही. यंत्राने त्यांची मजुरी खरोखरच जाणार होती.

दुसरा टाका आपल्या घरच्या शिलाईयंत्राचा. एलियास हाउ या अमेरिकन कारागिराने १८४६ साली त्याचे एकस्व घेतले. यात वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघे कापडाच्या जाडीत एकमेकांना अडकवतात. येथे एक टाका कापला तर तेवढाच सुटतो, शेजारचे जागच्या जागी राहतात. टिकाऊपणा हा त्याचा गुण, आणि उसवणाऱ्याच्या दृष्टीने हाच त्याचा दोष. जर्सीवरील अक्षरे कधी साखळी टाक्याने भरलेली असतात, कधी वेगळ्या कापडाचे अक्षर कापून त्याच्या कडेने दाट झिगझॅग टाका मारलेला असतो. मागे बहुधा बकरम किंवा तसलेच कडक अस्तर असते. म्हणून प्रथम जर्सी उलटी करून मागची बाजू भिंगाने पाहावी. साखळी दिसली तर शेवट शोधावा. तसे नसेल तर बॉबिनचा दोरा दर तीनचार टाक्यांवर मागच्या बाजूने कापावा, आणि मग सुलटीकडून अक्षराची कड अलगद उचलावी. कातर नेहमी अस्तराच्या बाजूला, जर्सीच्या बाजूला नव्हे.

असे का, हे ‘जर्सी’ या शब्दातच आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील जर्सी या बेटावर विणलेले लोकरी कपडे प्रसिद्ध होते, त्यावरून हा शब्द आला. धोतर किंवा सदरा यांचे कापड ताण्याबाण्याचे असते. जर्सीचे कापड मोज्यासारखे, एकात एक गुंतलेल्या फासांचे असते. विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचा जो माग तयार केला, त्याचेच आजचे होजिअरीचे यंत्र वंशज आहे. म्हणजे अक्षर आणि कापड दोन्ही फासांचीच बनलेली! घाईत ब्लेड मारून कापडाचा एक फास तुटला की त्याखालचे फास एकेक करून सुटतात आणि शिडीसारखी रेघ खालपर्यंत जाते. ब्लेडने अक्षर पाच मिनिटांत निघते आणि जर्सी कायमची जाते.

आता सावली. खरे म्हणजे त्या एका सावलीत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली डिंकाची. अक्षर शिवण्यापूर्वी इस्त्रीने चिकटवलेले असेल, तर वितळणाऱ्या प्लॅस्टिकचा थर कापडावर राहतो आणि त्यावर पुढे धूळ बसते. कोमट इस्त्री कागदावरून फिरवून तो मऊ करावा, बोथट वस्तूने खरवडावा आणि उरलेला भाग दवाखान्यातल्या स्पिरिटने पुसावा, तोही आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का हे पाहून.

दुसरी सुईच्या भोकांची. सुती कापड पाणी शोषते, तंतू फुगतात आणि भोके बरीचशी मिटतात. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही. हा तंतू व्हिनफील्ड आणि डिक्सन या इंग्रज रसायनज्ञांनी १९४१ साली शोधला. त्याला पाण्यापेक्षा उष्णतेची भाषा कळते. ओले फडके ठेवून वाफ द्यावी आणि नखाने विणीच्या दोन्ही दिशांना हलके घासावे.

तिसरी सावली खरी चिवट. विल्यम पर्किन याने १८५६ साली पहिला कृत्रिम रंग बनवला, त्यानंतर शंभर वर्षांत हजारो रंग निघाले. १९५६ मध्ये बाजारात आलेले, सुती तंतूशी थेट रासायनिक बंध जोडणारे रंग धुण्याला दाद देत नाहीत. परंतु धुण्याला टिकणारा रंग उन्हाला टिकेलच असे नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रंगाचे रेणू मोडतात. जर्सी मैदानावर आणि वाळत घातलेल्या दोरीवर वर्षानुवर्षे ऊन खाते. अक्षराखालचा भाग मात्र झाकलेला राहतो. म्हणून अक्षर काढल्यावर जी गडद आकृती दिसते तो डाग नव्हे, ते मूळचे कापड आहे. विटलेले आहे ते भोवतालचे! डाग समजून त्या जागी ब्लीचिंग पावडर चोळणारा माणूस जर्सीचा उरलासुरला चांगला भागच खराब करतो. वर्गात हे दाखवायला रंगीत कागदावर एक नाणे चिकटवून तो आठपंधरा दिवस उन्हात ठेवावा.

डाग कोणता आणि मूळ रंग कोणता हे धुतल्यावरच कळते, आणि जामखेड भागात धुणे ही सोपी गोष्ट नाही. येथील मैदानांची काळी माती म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्र्यांची चिकणमाती. ओली असताना चोळली तर ती तंतूंत खोल जाते. आधी पूर्ण वाळू द्यावी, झटकावी, ब्रशने काढावी, मगच पाण्यात घालावी. काळ्या पाषाणातून झिरपलेले विहिरींचे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे बहुधा जड असते. साबण या क्षारांशी संयोग पावून दह्यासारखा साका बनतो आणि तोच कापडावर राखाडी थर देतो. आपल्या आज्यांना रिठा आणि राख यांचा उपयोग ठाऊक होता. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचा सोडा तर इतका जुना, की अकबराच्या काळातील ‘ऐन-ई-अकबरी’त त्या परिसरात काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. धुण्याचा सोडा पाण्यातले कॅल्शियम आधीच खाली बसवतो, म्हणून तो अगोदर घालायचा. कृत्रिम धुलाईची पावडर जड पाण्यातही साका करत नाही. भारतात ‘सर्फ’ १९५९ मध्ये आली आणि १९६९ मध्ये अहमदाबादहून निघालेल्या ‘निरमा’ने ती पावडर खेडोपाडी नेली. घामाचा वास आणि पिवळेपणा यांत तेल व प्रथिने दोन्ही असतात. प्रथिने कढत पाण्याने घट्ट बसतात, तेव्हा प्रथम गार पाणीच वापरावे. प्रथिने तोडणारी विकरे धुलाईत घालण्याची कल्पना ओटो रोम या जर्मन रसायनज्ञाने १९१३ साली मांडली होती. आज पुष्कळ पावडरींत ती असतात, आणि त्यांना काम करायला अर्धा तास भिजवण द्यावी लागते. विजयानंतरच्या गुलालाचे मात्र आम्ही काही आश्वासन देत नाही.

आता बहुतेक नव्या जर्सींवर दोरा नसतोच. अक्षरे वाफरूप रंगाने पॉलिएस्टरच्या तंतूत शिरवलेली असतात, बिब्ब्याच्या खुणेसारखीच, कायमची. सप्टेंबर २०२५ च्या आशिया करंडकात भारतीय क्रिकेट संघ मुख्य पुरस्कर्त्याच्या नावाशिवाय खेळला, तेव्हा कोणी अक्षरे उसवत बसण्याचा प्रश्न नव्हता. जर्सी नव्याच छापायच्या. बारा जर्सींच्या शाळेला तो मार्ग नाही.

शिवलेली जर्सी असेल तर आणखी एक हिशेब करावा. इंग्रजी अक्षरे सुटी असतात, एकेक काढता येतात. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना बांधून ठेवते, आणि शिंपी ती पुष्कळदा एकाच पट्टीची करतो. जुन्या नावात सात अक्षरे, नव्या नावात सहा. त्यांतील पहिला ‘अ’ आणि शेवटचे ‘नगर’ तसेच राहते. ‘ह’सुद्धा सामाईक आहे, पण नव्या नावात त्याच्या आधी वेलांटी यायची, म्हणून त्यालाही हलवावे लागते. तेव्हा शिरोरेषा दोन ठिकाणी कापून मधली ‘हमद’ ही तीनच अक्षरे उसवावीत आणि तेवढ्याच जागेत ‘हिल्या’ बसवावे. वेलांटी आणि काना धरून ते ती जागा भरून काढते, आणि खालची सावली बरीचशी झाकली जाते. नवी अक्षरे कापण्यापूर्वी त्यांचे कापड मात्र दोन आठवडे उन्हात वाळत घालावे, म्हणजे जुन्या ‘नगर’शेजारी ते फार उठून दिसणार नाही.