संगणकातील ‘मनुष्य’



आयुष्यभर शब्दांचे अर्थ लावीत बसलेल्या मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने विद्युतचुंबकीय लहरींवर बोलावे, हे आपणांस विचित्र वाटेल. परंतु भ्रमणध्वनीच्या सुरक्षिततेचा विचार ‘मानवी देह’ या शब्दांपाशी सुरू होतो. आणि हा मानव नेमका कोण, हा प्रश्न काही माझ्या विषयाबाहेरचा नाही.

कानाशी धरलेल्या फोनची किती ऊर्जा मेंदूत मुरते, हे जिवंत माणसाच्या डोक्यात उपकरण खुपसून मोजता येत नाही. म्हणून देहच गणितात उतरवावा लागला. त्याची रीत १९६६ साली केन यी यांनी दिली. अवकाशाचे बारीक घन पाडावयाचे, काळाचेही सूक्ष्म तुकडे करावयाचे, आणि मॅक्सवेलची समीकरणे प्रत्येक घनात क्षणोक्षणी सोडवीत पुढे जावयाचे. ॲलन टॅफ्लव्ह व मॉरिस ब्रॉडविन यांनी १९७५ मध्ये ती मानवी डोळ्याला लावली. डोळ्याची काळजी वाटण्यास कारण होते. नेत्रभिंगात रक्तवाहिन्या नसतात. तेथे साठलेली उष्णता वाहून नेण्यास रक्तच नाही.

डोळ्यावरून सगळ्या देहाकडे जाण्यासाठी देहाचा नकाशा हवा होता. तो कसा मिळाला, हे वाचताना मी बराच वेळ थबकलो. खुनाच्या गुन्ह्यासाठी जोसेफ पॉल जर्निगन याला ५ ऑगस्ट १९९३ रोजी टेक्सासमध्ये देहान्त शिक्षा झाली. आपला देह त्याने विज्ञानासाठी देऊन ठेवला होता. तो गोठवून, एकेक मिलिमीटरचा थर काढीत, अठराशेहून अधिक छेदांची छायाचित्रे घेण्यात आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ती १९९४ मध्ये संशोधकांना खुली केली. छायाचित्रातील प्रत्येक ठिपका स्नायूचा, मेदाचा, अस्थीचा की मेंदूचा हे ठरवून त्या त्या ऊतीचे विद्युत गुणधर्म त्याला जोडले, की गणितासाठी मनुष्य सिद्ध! ज्याला समाजाने जगू दिले नाही, तोच अनेक प्रयोगशाळांत मानवजातीचा प्रतिनिधी होऊन बसला. स्त्रीदेहाची छायाचित्रे वर्षभराने, १९९५ साली आली.

आणि बालक? मूळचे भारतीय असलेले, युटा विद्यापीठातील ओम गांधी यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये दाखविले की, मुलांच्या डोक्यात ऊर्जा अधिक खोलवर जाते. मात्र त्यांचे ‘मूल’ म्हणजे आकाराने लहान केलेला प्रौढच होता. दोन वर्षांनी झुरिकच्या संशोधकांनी तीन आणि सात वर्षांच्या मुलांच्या चुंबकीय प्रतिमांवरून गणित केले, तेव्हा त्यांना प्रौढ व बालक यांत लक्षणीय फरक आढळला नाही. लहरींचे नियम दोघांचेही एकच. मूल कोणते घ्यावयाचे, येथे मतभेद होता. वाद तेथे संपला नाही. संपूर्ण डोक्यातील कमाल शोषणात फारसा फरक नसला, तरी मुलांच्या मेंदूचे काही भाग फोनच्या अधिक जवळ येतात व अधिक ऊर्जा घेतात, असे पुढे २०१० च्या सुमाराच्या गणितांतून दिसले. त्याच काळात एक पुरुष, एक स्त्री, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा असे संगणकीय कुटुंबच तयार झाले; तेही जिवंत स्वयंसेवकांच्या प्रतिमांवरून.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे गणित शोषलेली ऊर्जा व तापमान सांगते, रोग सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातल्या. त्या ‘कदाचित’चे वजन वृत्तपत्रांनी फारसे जपले नाही, हे भाषेच्या शिक्षकाला खटकते.

भारताने २०१२ मध्ये मर्यादा कडक केली : किलोग्रॅममागे १.६ वॅट, एका ग्रॅम ऊतीवरील सरासरीने. ही मर्यादा पाळली जाते की नाही, हे तपासताना फोन संगणकातल्या त्या कुटुंबाजवळ नेला जात नाही. तो एका प्रमाण मस्तकाच्या कवचाला लावतात. या मस्तकाचे माप अमेरिकी सैन्यातील पुरुषांच्या १९८८ च्या मोजणीवरून घेतलेले आहे, आणि शंभरांतील नव्वद डोकी त्याहून लहान भरतात. मोठे मस्तक अधिक ऊर्जा शोषते, म्हणून मोजणी सुरक्षित बाजूलाच राहते, असे त्याचे समर्थक म्हणतात. गांधी यांना ते मान्य नव्हते. त्या कवचात अस्थी नाहीत, मेंदू नाही. एकजिनसी द्रव भरलेला असतो.