आधी मान, मग डोळे

दिवाळीत पाथर्डीला गेलो की आत्याकडे एक चक्कर ठरलेली असते. यंदा आतेभावानं मला गच्चीवर नेलं आणि म्हणाला, "दादा, तू कम्प्युटरवाला ना? मग जीनमध्ये गडबड म्हणजे नेमकं काय, ते नीट सांग."

प्रश्न साधा नव्हता. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, चाळिशीतच झोकांड्या खात चालायला लागले. बाजारात लोक म्हणायचे, "आलं बघा पिऊन." मामांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. त्यांच्या वडिलांनाही लोकांनी हेच ऐकवलं होतं. मग कुणी करणी म्हणालं. मोहटादेवीला नवस झाले, मढीला कानिफनाथांच्या वाऱ्या झाल्या. शेवटी दोन वर्षांपूर्वी पुण्यात रक्त तपासलं. रिपोर्टवर नाव आलं, 'एससीए-२'.

घरी येऊन वाचायला बसलो तर कळलं, या आजाराच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान आपल्या मुंबईत लिहिलं गेलंय. डॉ. नोशीर वाडिया यांनी १९५७ साली जे. जे. रुग्णालयात मेंदूविकारांचा विभाग सुरू केला. तोल जाण्याचे आनुवंशिक आजार तेव्हा ढोबळमानाने एक-दोन नावांखाली टाकले जायचे. त्यातले काही रुग्ण वाडियांना वेगळे वाटले, ते त्यांच्या डोळ्यांमुळे. आपली नजर एका वस्तूवरून दुसरीवर जाते ती झटक्यात, उडी मारल्यासारखी. या लोकांचे डोळे मात्र सावकाश सरकत जायचे. १९७१ मध्ये वाडिया आणि स्वामी यांनी अशा ९ कुटुंबांची माहिती 'ब्रेन' या नियतकालिकात छापली. ना एमआरआय, ना जीनची तपासणी. नुसतं समोर बसून नीट बघणं!

हे वाचलं आणि मामा आठवले. हाक मारली की त्यांची आधी मान वळायची, डोळे मागून यायचे.

पुढचा धागा निघाला क्यूबात. तिथल्या होल्गिन भागात असे रुग्ण खूप. त्या कुटुंबांवरून १९९३ मध्ये कळलं की दोष १२ व्या गुणसूत्रावर आहे. १९९६ मध्ये जीन सापडला. १९९८ मध्ये वाडियांनी सहकाऱ्यांसह ६ भारतीय कुटुंबांची जीन-तपासणी प्रसिद्ध केली. मंद डोळे ही एससीए-२ ओळखायची मोठी खूण, हे पुन्हा दिसलं. मधे २७ वर्षं गेली होती.

आता गडबड काय, ते आमच्या भाषेत. या जीनमध्ये 'सीएजी' हा तीन अक्षरी शब्द ओळीनं पुन्हा पुन्हा येतो. बहुतेकांमध्ये २२ वेळा. तो साधारण ३३ च्या पुढे गेला की त्यातून बनणारं प्रथिन बिघडतं, आणि लहान मेंदूतल्या पेशी हळूहळू मरतात. पिढी बदलताना कॉपी करण्यात हा आकडा वाढू शकतो. आकडा जितका मोठा, तितका आजार साधारणपणे लवकर. आईवडिलांपैकी एकाकडून आलेली एक सदोष प्रत पुरते. म्हणजे प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, धोका ५० टक्के. आमच्याकडे बग सापडला की पॅच निघतो. इथे बग सापडून इतकी वर्षं झाली, पण आजार बरा करणारं औषध अजून नाही. व्यायामानं तोल थोडा सावरतो, इतकंच.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो बत्तीस वर्षांचा आहे, स्थळं येतायत. टेस्ट करायची की नाही, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. करायची तर आधी समुपदेशन घे आणि घाई करू नको, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मीही सल्ला दिला नाही. नाणं त्याचं आहे.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "टेस्टचं बघू. पण जी मुलगी बघायला जाईन, तिला आधी सांगणार. आईला कुणी सांगितलं नव्हतं."

खाली आलो तर मामा ओसरीवर बसले होते. लहानपणी त्यांच्या चालीची नक्कल करून मी पोरांना हसवलंय. यंदा पाया पडताना ते आठवलं. त्यांची मान माझ्याकडे वळली आणि मग सावकाश डोळे आले. तोवर मी थांबलो.