शस्त्र कायदा, भारतातील

नागरिकाने शस्त्रे व दारूगोळा बाळगणे, बनवणे, विकणे, आयात करणे आणि जवळ घेऊन फिरणे यांचे नियमन करणारे कायदे व नियम. सध्या लागू असलेला कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९ (१९५९ चा ५४ वा); तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही, परवाना ही शासनाने दिलेली मुभा आहे, असे आज न्यायालये सांगतात. १८८७ ते १९४८ या साठ वर्षांत राष्ट्रीय चळवळीची मागणी मात्र याच्या जवळजवळ उलट होती. शासन परके असताना जो हक्क वाटत होता तो शासन आपले झाल्यावर मुभा कसा झाला, हा या विषयाचा गाभा आहे. बहुतेक कायदेपुस्तके तो एका वाक्यात उरकतात, म्हणून येथे त्याला जास्त जागा दिली आहे.

पूर्वपीठिका : १८५७ च्या उठावानंतर निःशस्त्रीकरणाचे तात्पुरते कायदे झाले (१८५७ चा २८ वा, १८६० चा ३१ वा). लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा ११ वा कायदा आला आणि तात्पुरती व्यवस्था कायमची झाली. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही झाला होता. तो चार वर्षांत पुढचा व्हाइसरॉय रिपन याने रद्द केला. शस्त्रांचा कायदा मात्र ऐंशी वर्षे टिकला. कायद्याच्या मजकुरापेक्षा त्याखालील नियम अधिक झोंबणारे होते. युरोपीय व अँग्लो-इंडियन यांना परवान्याची गरज नव्हती. शेताची राखण करणाऱ्या कुणब्याला होती. १९२० च्या नियमांनी हा वंशभेद कागदावरून काढला आणि सवलत पदवी, पद व मालमत्ता यांच्याशी जोडली. अपमानाची जागा प्रतिष्ठेने घेतली. बंदूक घरात असणे म्हणजे वजन असणे, ही आजही उत्तर भारतात दिसणारी समजूत बरीचशी त्या काळातली आहे.

कायदा होऊन वर्ष उलटते न उलटते तोच, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांच्या साथीने पुणे जिल्ह्यात धामारीचा दरोडा घातला. कायद्याने चोरवाटा बुजल्या नाहीत हे पुढेही दिसले. १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवली. त्यांपैकी एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध केला.

राष्ट्रीय सभेची मागणी : १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने शस्त्र कायद्यात बदल मागणारा ठराव केला. त्याची भाषा बंडाची नव्हती, निष्ठेची होती : प्रजा राजनिष्ठ आहे, तरी तिच्यावर अविश्वास दाखवला जातो आणि त्यातून लोकांना त्रास होतो. पुढे मागणीचा सूर बदलत गेला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनी पत्रकात हा कायदा रद्द होण्याची आशा लोकांपुढे ठेवली. एका सबंध राष्ट्राची शस्त्रे काढून घेणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, असे त्यांचे मत होते. अहिंसेच्या प्रणेत्याचे हे मत अनेकांना अडचणीचे वाटते. विसंगती शोधणाऱ्यांनी गांधीजींचे म्हणणे पुरते पाहावे : शस्त्र टाकून देण्याची मोकळीक ज्याच्या हाती शस्त्र असू शकते त्यालाच असते. जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांतली शेवटची मागणीही शस्त्रांविषयीच होती. आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, त्यांवर नियंत्रण मात्र लोकांचे असावे. मिठावरील कर रद्द करण्याची मागणी याच यादीतली. ती सर्वांना आठवते, बंदुकीची कोणाला आठवत नाही.

१९२८ च्या नेहरू अहवालात आणि राष्ट्रीय सभेच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत स्पष्टपणे आला. नियमांना अधीन राहून, ही पुस्ती दोन्हीकडे होती.

संविधान सभेतील चर्चा : मसुद्यातील कलम १३ (आजचे १९) चर्चेला आले तेव्हा, डिसेंबर १९४८ च्या आरंभी, ह. वि. कामत यांनी स्वातंत्र्यांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क घालावा अशी दुरुस्ती सुचवली. ज्या पक्षाने कराचीत हा ठराव केला त्याचेच बहुमत सभेत होते, तेव्हा मागणी कामतांची एकट्याची म्हणता येत नाही. उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. त्यांच्या युक्तिवादाच्या दोन बाजू होत्या. नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा त्याच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा. युद्ध वा बंडाळीच्या वेळी राज्याला प्रत्येकाला हाक देता आली पाहिजे, ही पहिली. दुसरी व्यवहाराची : एकदा मूलभूत हक्क म्हटला की तो चोरालाही मिळतो, आणि अमुक वर्गाचा म्हणून कोणाला तो नाकारता येत नाही. दुरुस्ती फेटाळली गेली. कलम १९(१)(ख) मध्ये शस्त्र हा शब्द आला तो उलट्या अंगाने, शांततेने व विनाशस्त्र जमण्याचे स्वातंत्र्य म्हणून.

याच उत्तरात ‘गुन्हेगार जमातीं’चा उल्लेख आहे. तो आजच्या वाचकाला खटकेल. गुन्हेगार जमाती कायदा तेव्हा अजून पुस्तकात होता. देशभर तो रद्द झाला १९५२ मध्ये. फाळणीचा रक्तपात ताजा होता आणि गांधीजींचा पिस्तुलाने खून होऊन वर्षही झाले नव्हते, हेही ही चर्चा वाचताना विसरू नये.

शस्त्र अधिनियम, १९५९ : जुना कायदा राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता; तो पाळणारा नागरिक हात चोळत बसतो आणि दरोडेखोर लष्करी शस्त्रे वापरतो, अशी कबुली नव्या विधेयकाच्या उद्देशनिवेदनातच होती. कायदा सैल करण्याचा हेतू त्यातून दिसतो. कलम १४ मध्ये त्याची खूण उरली आहे : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कलम १३ मध्ये पीक-राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची आणि संरक्षण वा खेळासाठी किमान वीस इंची नळीच्या छऱ्याच्या बंदुकीची वाट मोकळी ठेवली आहे. रिव्हॉल्व्हर वा रायफल हवी असेल तर ‘सबळ कारण’ दाखवावे लागते, आणि सबळ म्हणजे काय ते जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरवतात.

शस्त्रांची मुख्य विभागणी प्रतिबंधित व अप्रतिबंधित बोअर अशी आहे. ९ मिमी पिस्तूल व .३०३ रायफल पहिल्या गटात, .३२ रिव्हॉल्व्हर व बारा बोअरची बंदूक दुसऱ्या गटात. परवानाधारकाच्या घरातली बारा बोअरची काडतुसे बऱ्याचदा पुण्याच्या खडकी कारखान्याची (स्थापना १८६९) असतात. खोक्यावरील ‘केएफ’ ही अक्षरे त्याच कारखान्याची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आल्यावर शिकार हे परवान्याचे कारण हळूहळू संपले.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर, २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत तेव्हा लाखाच्या वर होती. शासनाने एका हाताने परवाना आवळावा आणि दुसऱ्या हाताने शस्त्राची जाहिरात करावी, हे या कायद्याच्या इतिहासातले बोलके उदाहरण आहे.

दुरुस्त्या : पंजाबातील दहशतवादाच्या काळात, १९८८ मध्ये, प्रतिबंधित शस्त्राच्या वापराने मृत्यू घडल्यास फाशीच द्यावी अशी तरतूद (कलम २७(३)) आली, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. २०१६ चे नियम सविस्तर आहेत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. मूळ विधेयकात एकच होते. विरोध झाल्यावर दोन झाली. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. लग्नात वा मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय नेमबाजांना संख्येची सवलत आहे.

न्यायालये : अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये अप्रतिबंधित शस्त्र बाळगणे हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला होता, त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो निर्णय पुढे टिकू दिला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा अमेरिकेसारखा हक्क आपल्याकडे नाही असे नमूद केले. अमेरिकेतील दुसऱ्या दुरुस्तीशी तुलना आपल्याकडील लेखनात नेहमी येते. तिचा उपयोग मर्यादित आहे, कारण तेथे वाद संविधानात असलेल्या वाक्याच्या अर्थाचा आहे आणि येथे ते वाक्यच आलेले नाही.

महाराष्ट्र व गोवा : कोकणात वानर व रानडुक्कर यांच्यापासून बागायत राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. नेमके पीक तयार असताना हा हुकूम आला की शेतकरी हवालदिल होतो. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेऊ नयेत, प्रत्येक प्रकरण छाननी समितीने पाहावे, अशी दिशा मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निर्णयाने दिली आणि निवडणूक आयोगाने ती स्वीकारली.

शहरात चित्र वेगळे आहे. मराठी वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्तेत ‘शस्त्र अधिनियम कलम ४(२५), महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१)(३) सह १३५’ ही ओळ रोजची झाली आहे. तिच्यामागे बंदूक क्वचित असते. असतो तो कोयता किंवा तलवार. केवळ घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनवलेली वस्तू कायद्याने ‘शस्त्र’ ठरत नाही. त्यामुळे ऊस तोडणाऱ्याचा कोयता आणि पुण्यात दुचाकीवरून दहशत माजवणाऱ्या टोळक्याचा कोयता यांतला फरक अधिनियमापेक्षा जमावबंदीसारख्या आदेशांनी ठरवावा लागतो. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर कोयता-विळाही पुजला जातो. हा घोळ कायद्याच्या आधीपासूनचा आहे.

गावठी कट्टे बाहेरून येतात. मीर कासिमच्या काळापासून बंदुकांसाठी ओळखले जाणारे बिहारमधील मुंगेर आणि जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेले मध्य प्रदेशातील उमर्टी ही नावे पोलीस तपासात पुन्हापुन्हा येतात. सर्वसामान्य मराठी वाचकाला हा कायदा नावाने माहीत झाला तो अभिनेता संजय दत्त याच्या खटल्यामुळे : १९९३ च्या बॉम्बस्फोट प्रकरणात तो दहशतवादाच्या आरोपातून सुटला, शस्त्र अधिनियमाखालील दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम केली, सहा वर्षांची शिक्षा पाचवर आणली व तिचा उरलेला भाग त्याने येरवड्यात भोगला.



आकडेवारी : केंद्रीय गृहमंत्रालयानुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३.७ लाख परवाने होते. त्यांपैकी जवळजवळ १२.८ लाख एकट्या उत्तर प्रदेशात, तर महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. जिनीव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा २०१७ चा अंदाज ७.११ कोटी नागरी शस्त्रांचा असून त्यांत नोंदलेली ९७ लाख धरली आहेत. परवान्यांचा आणि नोंदलेल्या शस्त्रांचा असे दोन्ही आकडे खरे मानायचे तर जवळजवळ प्रत्येक परवान्यावर तीन शस्त्रे, म्हणजे तेव्हाची कमाल मर्यादा, मानावी लागतात. म्हणून अंदाज अंदाज म्हणूनच घ्यावा.

सवलती : शिखांचे कृपाण संविधानाच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणाने संरक्षित आहे. कर्नाटकातील कोडगू येथील कोडव समाज व जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारक यांना ब्रिटिश काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. कैलपोळ्द या सणाला ते बंदुकांची पूजा करतात. ही सूट वंशावर आधारलेली असल्याचा आक्षेप न्यायालयात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो अमान्य केला. १८७८ च्या व्यवस्थेतील जन्मावर आधारलेली सवलत यानिमित्ताने काही प्रमाणात जिवंत राहिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. केंद्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार ही सूट ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत लागू आहे.