पेशीला नवे काम शिकविणारी स्पर्धा : आयजेम

कृत्रिम जीवशास्त्र, म्हणजेच सिंथेटिक बायोलॉजी, ही सजीव पेशीकडे अभियंत्याच्या दृष्टीने पाहणारी विद्याशाखा होय. विशिष्ट कार्य करणारे डीएनएचे तुकडे परस्परांशी जोडून पेशीकडून नवे काम करवून घेणे, हा तिचा गाभा. या विषयातील विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा ‘आयजेम’ या नावाने ओळखली जाते.

जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत विद्यार्थ्यांसाठी महिनाभराचा एक वर्ग भरविण्यात आला. लुकलुकणाऱ्या पेशींची रचना करणे, हे त्यातील आव्हान होते. त्यातूनच २००४ मध्ये पाच संघांची स्पर्धा झाली आणि २००५ मध्ये अमेरिकेबाहेरील विद्यापीठेही तीत उतरली. २०१२ मध्ये आयजेम ही स्वतंत्र संस्था झाली. पूर्वी बॉस्टन येथे होणारा अंतिम मेळावा २०२२ पासून पॅरिस येथे भरतो. आता दरवर्षी तीनशेहून अधिक संघ नोंदणी करतात.

संघाची बांधणी

संघ जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित राहिला, तर काम अडते. डीएनएची रचना आखणारे, पेशीच्या वर्तनाचे गणिती प्रारूप मांडणारे, उपकरण घडविणारे, संकेतस्थळ सांभाळणारे आणि निधी उभारणारे असे सर्वच लागतात. मार्गदर्शक प्राध्यापक आवश्यक असले, तरी प्रश्न निवडण्याचा आणि चुकण्याचा अधिकार विद्यार्थ्यांचाच असतो. नोंदणीशुल्कच हजारो डॉलरांचे असते. रसायने, डीएनए आणि प्रवास यांचा खर्च वेगळा. त्यामुळे आर्थिक पाठबळ मिळविणे, ही अनेक भारतीय संघांपुढील पहिली कसोटी ठरते.

बक्षिसांसोबत सुवर्ण, रौप्य व कांस्य पदकेही असतात. मात्र ती क्रमांकानुसार मिळत नाहीत. ठरविलेले निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येक संघाला ती मिळू शकतात. कामाची संपूर्ण नोंद ठरावीक मुदतीत संकेतस्थळावर खुली करावी लागते. फसलेला प्रयोगही प्रामाणिकपणे नोंदविला, तर पुढील संघाचे श्रम वाचतात. संघांनी तयार केलेले डीएनएचे भाग एका सामायिक संग्रहात नोंदविले जातात आणि त्यांवर पुढील वर्षीचे विद्यार्थी आपले काम उभारतात.

प्रयोगशाळेबाहेरचा प्रश्न

२००६ मध्ये एडिनबरो विद्यापीठाच्या संघाने पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक ओळखणाऱ्या जिवाणूची रचना मांडली. बांगलादेशातील विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिकची समस्या गंभीर आहे. ई. कोलाय जिवाणूत आर्सेनिकची चाहूल लागताच कार्यान्वित होणारी जनुकीय यंत्रणा मुळातच असते. संघाने ती पाण्याच्या आम्लतेत बदल घडविणाऱ्या जनुकांशी जोडली. हा बदल दर्शक द्रव्याच्या रंगावरून डोळ्यांनाही दिसू शकतो. महागड्या यंत्राविना गावातच पाणी तपासता यावे, ही त्यामागील कल्पना.

परंतु जनुकीय बदल केलेला जिवाणू प्रयोगशाळेबाहेर न्यावा का, तो निसटला तर काय, हे प्रश्न इथेच उभे राहतात. आयजेमच्या नियमांनुसार असे सजीव प्रयोगशाळेबाहेर सोडता येत नाहीत. भारतातही १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार अशा संशोधनावर नियंत्रण असून, संस्थांमध्ये जैवसुरक्षा समिती असावी लागते. शिवाय ज्यांच्यासाठी उपाय शोधायचा, त्या शेतकऱ्यांशी, रुग्णांशी वा रहिवाशांशी बोलून प्रकल्पाची दिशा तपासणे, हा मूल्यमापनाचाच भाग आहे.

भारतातून २००६ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा संघ या स्पर्धेत उतरला. त्यानंतर आयआयटी मद्रास, पुण्याची आयसर आणि बिट्स पिलानीचे गोवा संकुल येथील विद्यार्थ्यांनीही तीत भाग घेतला आहे. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकाचे उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते. येथे प्रश्नही विद्यार्थ्यांनीच शोधायचा असतो आणि आपल्या उत्तराचा परिणाम कोणावर होईल, हेही त्यांनाच सांगावे लागते.