चारी दिशांचं जेवण : सगाइंगमधले धर्मानंद कोसंबी

समुद्रपूरला व्याख्यानाला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या एका मित्राने विचारलं, "तिथे समुद्र कुठे आहे हो?" आम्ही म्हटलं, नावात आहे, तेवढा पुरे. विदर्भातल्या माणसाला खरा समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. तरीही आजचा विषय समुद्रापलीकडचाच आहे. ब्रह्मदेशातलं सगाइंग नावाचं एक शांत गाव, आणि खिशात दमडी नसताना तिथे जाऊन राहिलेला एक मराठी माणूस. हा माणूस शेवटी आपल्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला येऊन मिटला. म्हणजे विषय वाटतो तितका लांबचा नाही.

आधी एक खुलासा. आम्ही बोलताना 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. पन्नास वर्षांच्या संसारात 'मी' म्हणायची सवय मोडली. आमच्यापैकी एकाने तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं आणि दुसरीने ते तीस वर्षं ऐकून घेतलं. त्यामुळे जास्त तत्त्वज्ञान कोणाला येतं हा प्रश्न आमच्या घरी अजून निकालात निघालेला नाही.

सुरुवात आपल्या तालुक्यातूनच करू. गिरडच्या टेकडीवरचा बाबा फरीद यांचा दर्गा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. हिंदू-मुसलमान दोघंही तिथे जातात. टेकडीवर जे गोल गोल दगड सापडतात, त्यांची गोष्ट इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरातही नोंदली गेली आहे. फिरते व्यापारी माल घेऊन चालले होते, त्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांच्या नारळांचे, मालाचे दगड झाले. त्यांनी पाय धरले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांतून त्यांना पुन्हा माल करून दिला. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतील की काळ्या पाषाणात असे झिओलाइटचे गोळे तयार होतातच. ते बरोबरच आहे. पण गोष्ट काय सांगते ते बघा. रस्त्यावर दोन प्रकारचे प्रवासी आहेत, एक माल घेऊन निघालेला आणि एक काहीही न घेता निघालेला. आणि गोष्ट रचणाऱ्या लोकांनी आपलं वजन कोणाच्या पारड्यात टाकलंय, तेही बघा.

आता आपला माणूस. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. शाळा जेमतेम. 'बाळबोध मेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि तेच डोक्यात घर करून बसलं. १८९९ च्या अखेरीस घर सोडलं. बरोबर पैसा नव्हता. घरी बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी. हे वाक्य आम्ही वर्गात दर वर्षी असंच म्हणायचो, 'घरी बायको आणि तान्ही मुलगी', आणि पुढच्या वाक्याला लागायचो. त्याच्याकडे परत येऊ.

पुण्याला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची ओळख झाली, मग ग्वाल्हेर करून काशी. काशीत ते अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. काशीची अन्नछत्रं ही गरीब विद्यार्थ्यांसाठी फार मोठी सोय होती यात वाद नाही, पण दारात जात विचारली जायची. पोटात भूक आहे एवढं पुरत नसे, भूक ब्राह्मणाची असावी लागे. तिथून १९०२ मध्ये बुद्धधर्म शोधायला नेपाळ. तिथे निराशा झाली. मग बुद्धगया, कलकत्ता आणि सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ पालीचा अभ्यास सुरू झाला, श्रामणेराची दीक्षा मिळाली. आणि पुढे मद्रासमार्गे ब्रह्मदेश.

इथे थोडं थांबू. आज रंगूनला जायचं तर व्हिसा लागतो. कोसंबींना नाही लागला. १८८५ च्या युद्धानंतर इंग्रजांनी उरलासुरला ब्रह्मदेश गिळला आणि तो हिंदुस्थानचा एक प्रांत करून टाकला. १९३७ पर्यंत तो तसाच होता. मद्रासकडून हजारो मजूर आगबोटीच्या डेकवर बसून रंगूनला जात. त्यांनाही पासपोर्ट नव्हता. स्वस्त प्रवासाची ही सोय साम्राज्याने केली होती, आणि ती कशाच्या मोबदल्यात ते मंडालेच्या थिबा राजाला विचारावं. कोसंबी मंडालेच्या परिसरात वावरत होते, तेव्हा तिथला शेवटचा राजा आपल्या रत्नागिरीत कैदेत होता. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. उलट दिशेने १९०८ मध्ये टिळक मंडालेला गेले. त्यांचा प्रवास मात्र सरकारी खर्चाने झाला.

सगाइंग हे मंडालेच्या जवळच, इरावतीच्या काठी. १३१५ पासून पन्नासेक वर्षं ही राजधानी होती. पुढे राजधानी गेली आणि भिक्षू राहिले. नदीकाठच्या टेकड्या पांढऱ्या-सोनेरी स्तूपांनी भरलेल्या, मधून मधून विहार आणि ध्यानाच्या गुहा. १९०४ च्या सुमारास या गुहांमध्ये दोन परदेशी साधक राहत होते. एक आपले कोसंबी. दुसरा आंटोन ग्यूट, जर्मनीतल्या वीसबाडेनचा, त्यांच्याहून थोडा लहान, व्हायोलिन वाजवणारा. रंगूनला दीक्षा घेऊन तो ञाणतिलोक झाला होता. पुढे पालीचा मोठा पंडित म्हणून त्याचं नाव झालं. ज्या भिक्षूजवळ दोघं ध्यान शिकत होते, तो अर्हत असल्याची ख्याती होती.

गोव्याचा एक आणि जर्मनीचा एक. दोघांनाही विनयाच्या नियमाने पैशाला हात लावायला बंदी. दुपारी बाराच्या आत जेवायचं, तेही कोणी दिलं तर. मग हे जगले कसे? बोटीचं तिकीट कोणी काढलं? उत्तर एकच आहे, दुसऱ्याने. हल्ली तरुण मुलं 'बजेट ट्रॅव्हल' म्हणतात, कमी पैशांत प्रवास. पैसे कमी लागले म्हणून खर्च कमी झाला असं होत नाही, तो दुसऱ्याच्या वहीत मांडला जातो. आमच्या मते कोसंबींच्या 'निवेदन' या १९२४ च्या आत्मचरित्राचं एक मोल हे की ते वाचताना ही दुसरी वही सतत जाणवत राहते.

२०१४ च्या जानेवारीत आम्ही सगाइंगला गेलो. पेन्शनीचे पैसे, त्यामुळे विमान रंगूनपर्यंतच. पुढे रात्रभराची बस मंडालेपर्यंत, आणि तिथून समोरासमोर बाकं टाकलेला एक पिकअप. गुडघे एकमेकांना लागतात, मांडीवर कोणाची तरी कोबीची पिशवी येते. आपल्याकडच्या काळी-पिवळीची आठवण झाली. डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत लागत. घडी पडलेली नोट पैसे बदलणाऱ्याने परत केली. ती आम्ही गाथेच्या पुस्तकात दाबून ठेवली, तरी दुसऱ्या दिवशीही चालली नाही.

सगाइंगमध्ये करण्यासारखं काही नाही. हे आम्ही कौतुकाने सांगतो आहोत. छप्पर असलेल्या पायऱ्या चढून टेकडीवर जायचं, नदीकडे बघायचं, उतरायचं. रस्त्याच्या कडेला झाकण ठेवलेले पाण्याचे माठ आणि वर उपडा पेला. चहाच्या दुकानात टेबलावर बिनदुधाच्या चहाचा थर्मास असतोच, त्याचे पैसे नाहीत. आणि जागोजागी झयात. झयात म्हणजे आपली धर्मशाळा म्हणा किंवा चावडी म्हणा, खांबांवरचं मोकळं छप्पर, कोणीही यावं, पडावं. आम्हाला तिथे पडायची फार इच्छा होती, पण परदेशी माणसाने परवाना असलेल्या हॉटेलातच राहायचं असा सरकारी नियम. कोसंबींना जे फुकट मिळालं, ते आम्हाला पैसे देऊनही मिळेना.

दुसऱ्या दिवशी एका विहाराच्या आवारात लांबच लांब पंगत बसली होती. आम्ही बाजूने जात होतो, तर एका बाईने हाताला धरून बसवलंच. भात, डाळ, कसलासा आंबट पाला. जातीचा, देशाचा, कशाचाच प्रश्न नाही. पैसे काढले तर ती हसली आणि एक शब्द म्हणाली, 'सतुदिता'. दोनदा म्हणाली. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. ब्रह्मी उच्चार काढून टाका, तो शब्द पाली आहे : 'चातुद्दिस'. चारी दिशांचा. चारी दिशांनी जो येईल त्याच्यासाठी.

हा शब्द आम्ही याआधी वाचला होता, पण जेवला नव्हता. तो आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख. हा क्षहरात राजा नहपानाचा जावई, आजपासून सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने लेणं दिलं चारी दिशांच्या भिक्षुसंघाला. वर तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण टक्क्याने. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी बारा-बारा कार्षापण. पैशाला हात न लावायच्या नियमाचं तिथे काय झालं, ते कृपा करून आम्हाला विचारू नका. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात भडोच, मंदसौर, गोवर्धन आणि सोपारा इथे त्याने बांधलेल्या चौसोपी धर्मशाळांची नोंद आहे. तापी, दमण, डाहणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. नदीच्या दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा. प्रपा म्हणजे पाणपोई. सगाइंगचा माठ म्हणजे तीच.

उषवदाताला भोळा धर्मात्मा समजू नका. सोपारा आणि भडोच ही बंदरं, मधल्या नद्या व्यापाऱ्यांच्या वाटेवरच्या. त्याच लेखात त्याने ब्राह्मणांनाही भरपूर दिलं आहे. जकातीचं राज्य होतं ते. रस्ता चालता राहिला तर तिजोरी भरते हे त्याला नीट कळत होतं. पण हेतू काहीही असो, नदीवर पोचलेल्या फाटक्या माणसाला नाव मिळत होती. आणि तो शब्द पाली ग्रंथांबरोबर इरावतीकाठी गेला, इथे पुसला गेला, तिथे पंगतीत वाढला जात राहिला. कोसंबी घर सोडून जे शोधायला एवढ्या लांब गेले, ते त्यांच्या घरापासून काही दिवसांच्या वाटेवर भिंतीवर लिहिलेलं होतं. फक्त लिहिलेलं होतं, हाच फरक.

हे सगळं आम्ही त्या संध्याकाळी झयातीच्या कठड्यावर बसून उत्साहाने बोलत होतो. म्हणजे आमच्यापैकी एक बोलत होता. मंडळी ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि बाळाबाई काय जेवत होत्या त्या दिवसांत?"

तीस वर्षं कोसंबी शिकवले, हा प्रश्न कोणा विद्यार्थ्याने विचारला नाही, आणि शिक्षकाने स्वतःलाही विचारला नाही. १८९९ ते १९०६, जवळजवळ सात वर्षं. "चारी दिशांनी येणाऱ्याला जेवण आहे," मंडळी म्हणाल्या, "पण जी कुठूनच येत नाही, घरातच असते, तिची दिशा कोणती?" आणि सकाळी भिक्षूंच्या रांगेला वाढायला ज्या बायका दारात उभ्या असतात, त्या भात किती वाजता उठून टाकतात, हेही त्यांनी विचारून ठेवलं होतं. पहाटे चार.

आम्ही तेव्हा कोसंबींची बाजू घेतली. ते परत आले, संसार पुन्हा मांडला, १९०७ मध्ये दामोदर झाला, जो पुढे गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून जगाला माहीत झाला. सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले, त्यावर महाराष्ट्रात राहून त्यांनी बुद्धाला मराठीत आणलं. पुढे हार्वर्ड, लेनिनग्राड. पालीचा अभ्यास आपल्याकडे उभा राहिला तो या माणसामुळे. हे सगळं खरं आहे, आणि आजही आम्ही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण त्यातून बाळाबाईंच्या सात वर्षांचा हिशोब निघत नाही, हेही आता वर्गात सांगितलं असतं. वर्ग राहिले नाहीत, म्हणून इथे सांगतो.

आता सगाइंगची खबर. २०२१ च्या लष्करी बंडानंतर त्या प्रदेशात लढाई पेटली. आणि २८ मार्च २०२५ रोजी ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचं केंद्र सगाइंगजवळच होतं. विहार कोसळले, स्तूप कोसळले. इरावतीवरचा जुना आवा पूलही पडला. १९३४ मध्ये बांधलेला, १९४२ मध्ये जपानी येऊ नयेत म्हणून इंग्रजांनीच दोन गाळे उडवलेला, १९५४ मध्ये पुन्हा उभा केलेला तो पूल. त्या बाईने आम्हाला बसवलं, तो विहार उभा आहे का हे कळायला मार्ग नाही. तिचं नावही आम्ही विचारलं नव्हतं.

कोसंबी १९४७ मध्ये सेवाग्रामला आले ते देह ठेवण्याच्या निश्चयाने. आहार कमी करत, शेवटी थांबवत, जूनच्या सुरुवातीला ते गेले. दुसऱ्याच्या अन्नावर आयुष्याचा एवढा मोठा प्रवास केलेला माणूस शेवटी अन्नाचीच रजा घेतो, याचा अर्थ लावायला आम्ही धजत नाही.

आमच्या प्रवासाची वही अजून आहे. मंडळींच्या अक्षरात. विमान, बस, हॉटेल, सगळ्यांपुढे आकडे. सगाइंगच्या पानावर पाणी, चहा, जेवण यांपुढे तीन शून्यं. ती शून्यं आम्हाला फार आवडली होती, येताना विमानात दोनदा काढून बघितली. घरी आल्यावर मंडळींनी त्याच पानावर खाली एक ओळ लिहिली. आम्ही ते सतरा दिवस फिरत होतो, तेव्हा घरी एक्क्याण्णव वर्षांच्या आईजवळ धाकटी वहिनी येऊन राहिली होती. 'वहिनी, १७ दिवस.' पुढे रकमेचा रकाना कोरा आहे.

प्रश्न असतील तर घेऊ.